क्रमिक पुस्तक, कादंबरी आणि अद्भुत : एका जुन्या मतभेदाचा इतिहास

मराठी कादंबरीच्या उगमाची हकिगत सांगण्याची एक रीत रूढ झालेली आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने (१८५७) सामाजिक वास्तवाचा धागा हाती घेतला; पुढे लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी तो सोडून अद्भुताची आडवाट धरली; गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने (१८७१) इतिहासाकडे तोंड वळवले; आणि अखेर हरिभाऊ आपट्यांनी गाडी मूळ रस्त्यावर आणली. बापट-गोडबोले यांच्या ‘मराठी कादंबरी : तंत्र आणि विकास’पासून (१९३८) कुसुमावती देशपांडे यांच्या ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’पर्यंत (१९५३) तपशील बदलतात, रुची बदलते, पण अद्भुताची जागा फारशी बदलत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी या तीन कृतींना तीन प्रवृत्तींची उगमस्थाने मानले, हे त्या मांडणीचे मोठे बळ होते. तथापि त्या तिघींतही ‘मुक्तामाला’च्या वाट्याला रंजनप्रधानतेचा कलंक येतोच.

या इतिहासात एक संस्था जवळजवळ अदृश्य राहिलेली आहे, ती म्हणजे शाळा. छापील मराठी गद्य वाचण्याची सवय ज्या पिढीला प्रथम लागली, तिला ती बव्हंशी सरकारी वा मिशनरी शाळांतील क्रमिक पुस्तकांनी लावली. कादंबरी हाती येण्यापूर्वी ‘वाचणे’ म्हणजे काय, कशासाठी वाचायचे आणि वाचून झाल्यावर कोणाला काय सांगायचे, याचे संकेत या वाचकाच्या मनात शाळेने आधीच रुजवलेले होते. अद्भुत कादंबऱ्यांविषयीची एकोणिसाव्या शतकातील मते या पार्श्वभूमीवर ठेवून वाचली, तर वाद जसा दिसतो त्याहून वेगळा निघतो. संभाव्यता आणि असंभाव्यता यांच्यातला झगडा म्हणून तो नोंदला गेला. प्रत्यक्षात विस्मयाला मज्जाव कधीच नव्हता. विस्मय कोणाच्या देखरेखीखाली अनुभवायचा, एवढाच प्रश्न होता.

मुद्रित मराठी गद्याचा आरंभच मुळी अद्भुताने झालेला आहे. श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यातून १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’ आणि पाठोपाठ ‘पंचतंत्र’ व ‘हितोपदेश’ मराठीत छापून निघाले. त्यांच्या अभिप्रेत वाचकांत कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषा शिकणारे कंपनीचे तरुण मुलकी अधिकारी होते. बोलणाऱ्या पुतळ्या आणि परोपकारासाठी शिर देणारा विक्रम हे सारे त्यांच्यापुढे ठेवले गेले ते विभक्ती आणि क्रियापदे पक्की व्हावीत म्हणून. पुढे मुंबईत, ज्या सोसायटीला १८२७ पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ हे नाव मिळाले, तिचे नेटिव्ह सेक्रेटरी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ आणि १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’ सिद्ध केली. पहिली दोन युरोपातून इंग्रजीवाटे आलेली, तिसरी घरची. नीतिबोधासाठी बर्केंच्या सालस मुलांच्या गोष्टी पुरेशा होत्या. तरीही झाडाला लोंबकळणारे प्रेत आणि त्यात शिरलेला वेताळ ज्ञानप्रसाराच्या कार्यक्रमात निर्वेधपणे सामावला. वेताळ प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारतो, आणि उत्तर ठाऊक असून न दिल्यास मस्तक फुटेल अशी ताकीद देतो. शाळकरी वाचकांना हा परीक्षक ओळखीचा वाटला असल्यास नवल नाही.

वुडच्या १८५४ च्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात विद्याखाते स्थापन झाले आणि वाचनाला सरकारी शिस्त आली. मेजर कँडीची नजर फिरल्याशिवाय क्रमिक पुस्तकातले मराठी वाक्य प्रमाण मानले जाईना. गद्यात कँडीप्रणीत धडे आणि पद्यात परशुरामतात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ (१८५४), अशी वाटणी झाली. मराठीतील ‘अभिजात’ या कल्पनेचा पहिला शालेय साचा ‘नवनीत’ने घडवला. मुक्तेश्वर, वामनपंडित, श्रीधर, मोरोपंत यांच्या काव्यांतले वेचे, त्यांवर टीपा आणि कवींविषयी माहिती, हा घाट पुढे दीर्घकाळ टिकला. या वेच्यांत राक्षस आहेत, शाप आहेत, अस्त्रे आहेत, आकाशवाणी आहे. कोणाही पंतोजीला त्यांत गैर वाटले नाही, कारण मुलाला ते अन्वय आणि अर्थ सांगण्यासाठी वाचायचे होते. वृत्त ओळखा, अलंकार सांगा, कठीण शब्दांचे अर्थ द्या. विस्मयाच्या आड व्याकरण उभे केले की विस्मय निरुपद्रवी होतो, हे विद्याखात्याला कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. ते त्या शिक्षणपद्धतीच्या रचनेतूनच आले.

पुण्यातील चिपळूणकरांच्या घरात हा अंतर्विरोध दोन पुस्तकांच्या रूपाने नांदत होता. कृष्णशास्त्री चिपळूणकर विद्याखात्यातले वजनदार अधिकारी, शिक्षक तयार करणाऱ्या शाळेचे प्रमुख, ‘शालापत्रका’चे संपादक. याच कृष्णशास्त्र्यांनी १८६१ पासून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला सुरुवात केली, आणि ‘सुरस व चमत्कारिक’ हे शब्द एका अख्ख्या वाचनाभिरुचीचे नाव होऊन बसले. याच लेखणीने पुढे डॉक्टर जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर हाती घेतले, ते विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले आणि १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या अरबी कथासंग्रहात आबनुसी लाकडाचा घोडा खुंटी पिळताच आकाशात झेपावतो, तो एकीकडे. आणि ज्या कथेत पंख लावून कड्यावरून उडी घेणारा कारागीर थेट तळ्यात कोसळतो आणि राजपुत्राला त्याला अर्धमेल्या अवस्थेत बाहेर ओढावे लागते, ती दुसरीकडे. पौर्वात्य वेष दोन्हींचा आहे. पण ‘रासेलस’मधील पूर्व ही तत्त्वचिंतनासाठी मांडलेली सोय आहे, तिथे काहीही उडत नाही. जॉन्सन महाविद्यालयीन वर्गात सन्मान्य होता. शहरजादीला तो मान नव्हता. तिला वाचक होते. मराठी गद्याला वळण लावणाऱ्या घराला दोन्ही पुस्तके हवीशी वाटली, ही गोष्ट चरित्रकारांनी कुतूहलाची बाब म्हणून नोंदवली. समीक्षेने तिचा अर्थ लावलेला नाही. विष्णुशास्त्र्यांच्या ‘निबंधमाले’त जॉन्सनवर प्रदीर्घ निबंध आहे, हे मात्र या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

रिसबुडांची ‘मंजुघोषा’ या वातावरणात आली. कथानक, पात्रांची सोज्ज्वळ वा काळीकुट्ट रेखाटणी आणि संस्कृतप्रचुर वर्णने यांवर पुढच्या समीक्षकांनी यथेच्छ टीका केली. त्यातली बरीचशी रास्तही आहे. खरा ऐवज आहे तो प्रस्तावनेत. तिचा आशय असा : हिंदू समाजातील विवाहाची रीत आणि अशीच इतर कारणे यांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे ना सद्गुण उरतात, ना दुर्गुण. कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे ही अडचण आहे. नित्य अनुभवाचे लिहावे तर त्यात मनोवेधक असे काही सापडत नाही. म्हणून रंजक पुस्तक रचायचे तर अद्भुताचा आश्रय घेणे भाग पडते.

हे विधान मराठी समीक्षेत वारंवार उद्धृत झाले; मीनाक्षी मुखर्जी यांच्या भारतीय कादंबरीवरील ग्रंथामुळे ते मराठीबाहेरही पोहोचले. बहुधा ते कबुलीजबाब म्हणून वाचले जाते : पाहा, अद्भुत कादंबरीकाराला स्वतःलाच आपली वास्तवापासूनची पळवाट मान्य होती. परंतु प्रस्तावनेतील कार्यकारणाचा क्रम बारकाईने पाहिला पाहिजे. कल्पनाशक्तीच्या हौसेपोटी अद्भुत स्वीकारले, असे रिसबूड म्हणत नाहीत. कादंबरी या प्रकाराला ज्या तऱ्हेची माणसे लागतात, म्हणजे निवड करणारी, ती चुकवणारी, चुकीचे फळ भोगणारी, त्या तऱ्हेची माणसे घडू न देणारी समाजरचना आपली आहे, असे ते म्हणतात. आणि त्या रचनेचे पहिले कारण म्हणून विवाहाचे नाव घेतात. जिथे कळायला लागण्यापूर्वी लग्न झालेले असते, तिथे प्रेमकथेला आरंभबिंदूच नाही. प्रौढ नायिका, तिचे स्वतःचे मन, विवाहापूर्वीची ओढ, विरह, संकट, मीलन ही सगळी सामग्री १८६८ च्या पुण्यामुंबईत केवळ गंधर्वलोकात किंवा कल्पित राजधानीत उपलब्ध होती. वास्तवाविषयीची ही तक्रार अद्भुताच्या समर्थनाच्या रूपात मांडली गेली म्हणून ती तक्रार ठरत नाही, असे नाही.

प्रस्तावनेचे आणखी एक महत्त्व आहे. कथात्म गद्याविषयी मत मांडण्याची सोय त्या काळी दोनतीन ठिकाणीच होती : ग्रंथाची प्रस्तावना, मासिकातले पुस्तकपरीक्षण आणि सभेत वाचलेला निबंध. १८६७ मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने परीक्षणाला बैठक दिली. त्याच वर्षी छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि प्रत्येक पुस्तकाचे नाव, विषय, पृष्ठसंख्या, प्रती व किंमत सरकारी त्रैमासिक यादीत जाऊ लागली. म्हणजे सरकारचेही पुस्तकांविषयी एक मत होते, ते वर्गीकरणाच्या रूपाने. या सर्वांत एका घटकाचे मत कुठेच उतरलेले नाही. ते वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे. त्याला मत विचारले जाई ते केवळ परीक्षेत, आणि तेही आधी ठरलेले.

काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ १८७२ चा. कथात्म साहित्याची तात्त्विक चर्चा करणारा मराठीतला हा आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न. असंभाव्यता, औचित्य आणि वाचकाच्या मनावर होणारा परिणाम हे प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आले. पण आणखी एक गोष्ट केवळ शीर्षकावरून दिसते : १८७२ मध्ये ‘नावल’ हाच शब्द चर्चेला चालत होता. ‘कादंबरी’ ही संज्ञा अजून निर्विवाद नव्हती. तीस वर्षांनी, १९०२ मध्ये, राजवाड्यांच्या सुप्रसिद्ध निबंधाचे नाव मात्र निखळ ‘कादंबरी’ असे आहे. मधल्या तीन दशकांत जो शब्द जिंकला, तो ज्या ग्रंथाचा, त्याच्याइतका अद्भुताने भरलेला ग्रंथ संस्कृत गद्यात क्वचितच सापडेल.

बाणभट्टाची ‘कादंबरी’ ही दरबारात आणलेल्या पोपटाने सांगितलेली कथा आहे. त्या पोपटाच्या कथेत जाबाली ऋषीने सांगितलेली दुसरी कथा, तिच्यात महाश्वेतेने सांगितलेली तिसरी. चंद्र शापाने मनुष्यजन्म घेतो, प्रियकर विरहाने मरतो आणि पुन्हा जन्मतो, गंधर्वकन्या त्याच्या देहाशी वाट पाहत बसते. हळबे-रिसबुडांवर जे जे आक्षेप घेतले गेले, ते सर्व बाणाला तंतोतंत लागू पडतात. तरीही बाण पाठ्य होता. पीटर पीटर्सन यांनी मुंबई संस्कृत मालेत १८८३ मध्ये ‘कादंबरी’ची आवृत्ती काढली. पुढे पां. वा. काणे यांनी विद्यार्थ्यांसाठी सटीप आवृत्त्या तयार केल्या, त्यांतली एक पीटर्सन-आवृत्तीच्या पहिल्या १२४ पृष्ठांपुरती होती. विद्वत्तेच्या दृष्टीने काण्यांच्या टीपांना तोड नाही. पण १२४ व्या पृष्ठावर थांबणारी कथा हा प्रकार केवळ अभ्यासक्रमच निर्माण करू शकतो. पुनर्जन्मांचे कोडे सुटते ते ग्रंथाच्या शेवटी, आणि त्यावरच सगळी रचना तोललेली आहे. शेवट नसेल तर पोपट का बोलतो याला उत्तरच नाही.

याहून बोलका आहे तो ‘शुकनासोपदेशा’चा प्रवास. चंद्रापीडाच्या यौवराज्याभिषेकापूर्वी वृद्ध मंत्री शुकनास त्याला तारुण्य, ऐश्वर्य आणि लक्ष्मीची चंचलता यांविषयी सावध करतो. एवढाच भाग वेगळा काढून शिकवण्याची चाल भारतभर पडली आणि अद्यापि आहे. त्याच्या स्वतंत्र पुस्तिका निघाल्या. म्हणजे ज्या ग्रंथाच्या नावाने मराठीत अख्खा वाङ्मयप्रकार ओळखला जातो, त्यातला जो भाग वर्गात शिरला, तो नेमका अद्भुतरहित. वडीलधाऱ्याने तरुणाला केलेला उपदेश. महाश्वेता अच्छोद सरोवराच्या काठी राहून गेली.

आक्षेप असंभाव्यतेला असता, तर बाण, वेताळ आणि ‘नवनीता’तले राक्षस या सर्वांवर तो सारखाच यायला हवा होता. तो आला नाही. तो आला अशा पुस्तकांवर, जी वाचताना मध्ये गुरुजी नव्हते, टीप नव्हती, अन्वय करायचा नव्हता. आणि जी वाचून झाल्यावर कोणी प्रश्न विचारणार नव्हते. इंग्रजी शिकलेल्यांच्या बाबतीतही हेच घडत होते. कॉलेजात शेक्सपिअर, मिल्टन, ॲडिसन, खोलीवर रेनॉल्ड्स. वसाहतकालीन भारतात जॉर्ज रेनॉल्ड्सला केवढा वाचकवर्ग होता, हे प्रिया जोशी यांनी दाखवून दिले आहे. मराठीत तर हरिभाऊंच्या पहिल्या कादंबरीवरच, ‘मधली स्थिती’वर (१८८५), त्याची छाया आहे. चोरून वाचण्याचे आणि उघड वाचण्याचे पुस्तक अशी ही विभागणी होती. समीक्षेने पुढे तिला कनिष्ठ-वरिष्ठ अशी मूल्यात्मक नावे दिली.

अशी विभागणी मराठीपुरती नव्हती. इंग्लंडमध्ये ती विद्यापीठाच्या आतच उभी होती. ‘बेओवुल्फ’ हे प्राचीन इंग्रजी काव्य ऑक्सफर्डच्या इंग्रजी अभ्यासक्रमातले बिनीचे पाठ्य. जे. आर. आर. टॉल्किन तिथे प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक. २५ नोव्हेंबर १९३६ रोजी ब्रिटिश अकादमीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी एक साधीच गोष्ट विचारली : या काव्याच्या केंद्रस्थानी राक्षस आणि सर्प आहेत, आणि विद्वान मात्र कडेकडेचा इतिहास, वंशावळी, शब्दव्युत्पत्ती उकरण्यात का गुंतले आहेत? डब्ल्यू. पी. केर यांच्यासारख्या रसज्ञ अभ्यासकालाही महत्त्वाचे ते कडेला आणि क्षुल्लक ते मध्यभागी गेल्याची खंत वाटत होती. टॉल्किनचे म्हणणे असे, की राक्षस ही कवीची चूक नव्हे, त्यांच्यावाचून मानवी पराभवाचे ते दर्शन त्या उंचीला पोहोचत नाही. पुढच्याच वर्षी त्यांची ‘हॉबिट’ प्रसिद्ध झाली. १९५४-५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. १९५६ मध्ये एडमंड विल्सन यांनी त्या कादंबरीची पोरकट म्हणून खिल्ली उडवली. अभ्यासक्रमातल्या राक्षसाची बाजू मांडणारा आणि अभ्यासक्रमाबाहेरचा राक्षस निर्माण करणारा माणूस एकच होता. पहिल्या कामासाठी त्याला विद्वत्तेचा मान मिळाला, दुसऱ्यासाठी दीर्घकाळ उपहास. १९९७ मध्ये ब्रिटिश वाचकांच्या कौलात शतकातले सर्वश्रेष्ठ पुस्तक म्हणून तीच कादंबरी पुढे आली, तेव्हा अनेक समीक्षकांना तो वाचकांच्या शिक्षणाचा पराभव वाटला.

टॉल्किनला जे वापरता आले, ते मराठी समीक्षेला का वापरता आले नाही, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. साधने आपल्याकडे कमी नव्हती. नाट्यशास्त्राने अद्भुताला आठ रसांत स्थान दिले, विस्मय हा त्याचा स्थायिभाव सांगितला आणि निर्वहण संधीत अद्भुत रस असावा असे स्पष्ट विधान केले. म्हणजे अद्भुत हा शोभेचा अलंकार नसून कथेची गाठ सुटण्याच्या क्षणी प्रेक्षकाच्या चित्ताची होणारी अवस्था आहे, असा विचार परंपरेत उपलब्ध होता. कादंबरीचर्चेत तो आलाच नाही. तिथे ‘अद्भुत’ हा शब्द रसाचे नाव न राहता दोषाचे नाव झाला. त्याला ‘रम्य’ हे शेपूट जोडले गेले आणि ‘अद्भुतरम्य’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘रोमान्स’चा प्रतिशब्द, एवढाच अर्थ उरला. राजवाड्यांनी १९०२ च्या निबंधात अद्भुत आणि वास्तविक या दोन्ही अंगांचा विचार केला खरा. मराठी कादंबरी त्यांना दोन्ही अंगांनी तोकडी वाटली, आणि माप दोन्हींसाठी युरोपीयच होते. त्सव्हेतान तोदोरोव यांचा फँटास्टिकविषयीचा ग्रंथ १९७० मध्ये आला. त्यातली विभागणी आपल्याकडे पुढे उत्साहाने उद्धृत झाली. वाचकाची द्विधा अवस्था हा त्या सिद्धान्ताचा कणा आहे. घडते ते नैसर्गिक की अलौकिक, याचा निर्णय न होणे. ‘वेताळपंचविशी’च्या वाचकाला अशी द्विधा अवस्था कधीच नव्हती. वेताळ आहे हे त्याला मान्य होते. पेच होता तो वेताळाच्या प्रश्नाचा. तोदोरोवचे माप तिथे बसत नाही, आणि भरताचे माप कोणी लावून पाहिले नाही.

परिणाम असा, की मराठीत अद्भुताला सन्मान हवा असेल तर त्याला दुसऱ्याच नावाने यावे लागते. एक नाव बालसाहित्य. अद्भुत मुलांच्या स्वाधीन केले की प्रौढ समीक्षा मोकळी होते. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नची मराठी रूपांतरे करून केवढा वाचक घडवला, आणि तरी कादंबरीच्या इतिहासात त्यांना प्रकरण नाही. दुसरे नाव रूपक. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा कोणत्याही ज्ञात भूगोलात घडत नाहीत. त्यांवर विपुल लिहिले गेले. त्यातला मोठा भाग नियती, अस्तित्व, शोध या संकल्पनांची प्रतीके उकलण्यात गेलेला आहे. उकल चुकीची नाही. पण तिच्या मागे एक घाई जाणवते : हे नुसते अद्भुत नाही, याला अर्थ आहे, असे लवकरात लवकर सिद्ध करण्याची. ती घाई वर्गातली आहे. कठीण शब्दांचे अर्थ द्या, या जुन्या प्रश्नाचीच ती प्रौढ आवृत्ती म्हणावी लागेल.

रिसबुडांच्या प्रस्तावनेला खरे उत्तर मिळाले ते बावीस वर्षांनी, आणि तेही समीक्षेकडून नाही. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. पुस्तक १८९३ चे. मधेच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. आपल्या विवाहरीतीमुळे आयुष्यात कादंबरीजोगे काही उरत नाही, असे रिसबूड म्हणाले होते. यमुनेची आत्मकथा दाखवते, की त्याच रीतीत कादंबरी पुरून उरेल इतके काही आहे. फक्त ते मनोवेधक नसून असह्य आहे. या अर्थाने ‘मंजुघोषा’ आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ या एकाच पोकळीकडे दोन बाजूंनी पाहणाऱ्या कादंबऱ्या आहेत. एकीने पोकळी भरण्यासाठी कल्पित नायिका आणली, दुसरीने पोकळीच्या कडा चाचपल्या. दुसरी अधिक मोठी कलाकृती आहे, यात वाद नाही. पण तिच्या मोठेपणामुळे पहिलीचे निदान खोटे ठरत नाही. यमुनेच्या कथेत सुटकेची वाट नाही, कारण १८९० च्या वास्तवात ती जवळपास नव्हती, आणि वास्तववादाला नसलेली वाट दाखवता येत नाही.

ती दाखवायची तर काय करावे लागते, हे हरिभाऊंच्याच साहित्यिक वर्तुळातल्या काशीबाई कानिटकरांनी (१८६१-१९४८) करून पाहिले. ‘रंगराव’ (१९०३) ही त्यांची कादंबरी सामाजिक, रीतसर. ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) तशी नाही. फसवणुकीने मतिमंद राजाशी लग्न लावून दिलेली तरुणी कारभार हाती घेते आणि स्त्रियांच्या हातांनी चालणारे एक संस्थान उभे राहते. नकाशावर नसलेले, १९२८ च्या वाचकाला वेताळाइतकेच असंभाव्य वाटावे असे. मीरा कोसंबी यांनी काशीबाईंच्या या लेखनाकडे नव्याने लक्ष वेधले ते स्त्रीवादी इतिहासाच्या अंगाने. कादंबरीसमीक्षेच्या अंगाने पाहता ही कृती रिसबुडांच्या प्रस्तावनेची थेट वारस आहे : विवाहाने ज्या आयुष्यातून घटना काढून घेतल्या, त्या आयुष्याला घटना परत करायच्या, तर संस्थान कल्पावे लागते. फरक इतकाच, की रिसबुडांनी हे रंजनासाठी केले असे सांगितले. काशीबाईंच्या संस्थानात शाळा आहेत, हिशेब आहेत, कारभाराची व्यवस्था आहे. ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’, ‘मोचनगड’ या तीन उगमांच्या आलेखात तिला बसवायला गेले, तर सामाजिक म्हणून पहिल्या रांगेत ती मावत नाही आणि रंजनप्रधान म्हणून दुसरीत तिला ढकलताही येत नाही.